तर्रीपुढे टिकणारा द्रोण: पुण्यातल्या एका स्टार्टअपने सरकारी प्रयोगशाळा कशी वापरली

पार्श्वभूमी

हे प्रकरण भोसरीतल्या एका छोट्या कंपनीचं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांच्या सल्लागार बैठकांना बसत असे, त्यामुळे कुठला निर्णय कोणत्या घाईत किंवा कोणत्या भीतीपोटी झाला हे जवळून पाहता आलं.

कंपनी दोन मावसभावंडांची. भावाच्या घरी कागदी द्रोण-पत्रावळ्यांचा जुना धंदा. माल बोहरी आळीतल्या व्यापाऱ्यांकडे जायचा. बहीण रसायनशास्त्रात एमएस्सी, काही वर्षं चिकटद्रव्यांच्या कंपनीत काम केलेली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटवाट्याही बंदीच्या यादीत घातल्या. भावाचा निम्मा माल त्या यादीत बसत होता. थर काढला तर द्रोणात भेळही नीट टिकत नाही.

बहिणीने दोन थरांची युक्ती बसवली. खाली मक्याच्या स्टार्चचा थर, त्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. तापवलं की हे आम्ल स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना जखडतं, मग स्टार्च पाण्यात फुगत नाही आणि तेलही आत शिरू देत नाही. वर तांदळाच्या कोंड्यापासून काढलेल्या मेणाचा पातळ थर, तो पाण्यासाठी. दोन्ही घटक स्वस्त, खाण्याच्या वस्तूंत वापरले जाणारे आणि सहज मिळणारे. कल्पना जगावेगळी नव्हती, पण प्रमाण आणि थर देण्याची पद्धत तिची स्वतःची होती.

अडचण

घरी ब्रशने थर देऊन, छोट्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा मिनिटं ठेवलेल्या कागदाचे द्रोण उत्तम निघाले. गरम तर्री ओतून अर्धा तास ठेवली तरी खाली डाग नाही. एका मिसळवाल्या साखळीच्या मालकाने ते पाहिले आणि गणपतीच्या आधी चाचणीपुरता माल मागितला.

मग कागदाचा रोल मशीनवर चढवला. तिथे थर दिलेला कागद गरम हवेच्या बोगद्यातून काही सेकंदांत बाहेर पडतो आणि पुढे साच्यात दाबला जातो. हे द्रोण दिसायला अगदी तसेच. पण तर्री ओतल्यावर पाचेक मिनिटांत बूड मऊ पडायचं आणि घड्यांच्या रेषांवर तेलाचे ठिपके उमटायचे.

दोघांची मतं वेगळी. भावाचं म्हणणं, "कागद खराब आलाय, पुरवठादार बदल." बहिणीचं म्हणणं, "दादा, थर सगळीकडे सारखा बसत नाहीये." दोघांकडेही पुरावा नव्हता.

पहिला खर्च

घाईत त्यांनी एका खासगी प्रयोगशाळेकडे नमुने दिले आणि "सगळ्या टेस्ट करा" असं सांगितलं. हे वाक्य मी बऱ्याच स्टार्टअपच्या तोंडून ऐकलं आहे. अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखांसह आला.

त्यात तीन गोष्टी होत्या. डीएससी, म्हणजे पदार्थ कोणत्या तापमानाला वितळतो ते दाखवणारी चाचणी. मेण ८० अंशांच्या आसपास वितळतं असं तिने सांगितलं. हे मेणाच्या पिशवीसोबत आलेल्या माहितीपत्रकातही होतं. एसईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो. त्यांवर नमुना हातचा की मशीनचा याची नोंदच नव्हती, कारण भावंडांनी पाकिटांवर तसं लिहिलं नव्हतं. आणि एफटीआयआरचा, म्हणजे अवरक्त प्रकाश कसा शोषला जातो यावरून पदार्थातले रासायनिक बंध ओळखणाऱ्या चाचणीचा आलेख. त्यात १७३० तरंगांकाच्या आसपास शिखर दिसत होतं, आणि शेजारी शेरा होता: एस्टर बंध आढळतो. म्हणजे आम्लाने स्टार्चला जखडलं आहे, असा भावंडांनी अर्थ लावला. पेपरांत वाचलेलं शिखर आपल्याही नमुन्यात आलं याचा बहिणीला आनंद झाला. रसायन बरोबर आहे म्हणजे दोष कागदाचा, या निष्कर्षावर दोघंही आले आणि नवा महाग कागद मागवला.

त्यानेही द्रोण गळालेच.

खासगी प्रयोगशाळेने चूक केली असं म्हणता येणार नाही. जे विचारलं ते तिने मोजून दिलं. पण विचारायचं काय, हे कोणीच ठरवलं नव्हतं.

पाषाण रस्त्यावरची फाटकं

पुण्यात ही अडचण सोडवायला माणसं कमी नाहीत. पाषाण रस्त्याने सकाळी फिरायला जाणाऱ्यालाही फाटकं पाठ असतात: १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिला लागून २००६ची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, पुढे उष्णदेशीय हवामान संस्था, पंचवटीकडे इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी सी-मेट. गणेशखिंडीत १९४९ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आणि त्याच्या आवारात पेशीविज्ञान केंद्र. गाडीचा सुटा भाग असेल तर कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था. बंधारा, पाइप, प्रवाह यांचा प्रश्न असेल तर खडकवासल्याची १९१६ पासूनची जलसंशोधन संस्था. भोसरीतच मार्ग परिवहनाची केंद्रीय संस्था आहे, पण द्रोणवाल्याला तिचा काय उपयोग!

फाटकाच्या आत जायचं कसं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. भावाला वाटायचं, तिथे फक्त पीएचडीवाले जातात. बहिणीला वाटायचं, ओळख लागते. दोन्ही समज अर्धवट. सरकारी पैशांतून घेतलेली यंत्रं बाहेरच्यांनाही शुल्क भरून वापरता यावीत म्हणून जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम नावाचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. त्यावर यंत्राचं नाव टाकलं की ते कोणत्या संस्थेत आहे हे कळतं आणि वेळ मागता येते. विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रांचीही आपापली दरपत्रकं असतात. दर बहुधा तीन रकान्यांत: आपल्याच संस्थेचे, इतर शिक्षणसंस्थांचे आणि उद्योगांचे. उद्योगाचा दर सगळ्यांत जास्त आणि वर १८ टक्के जीएसटी. स्टार्टअपचा चौथा रकाना काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो, आणि काही ठिकाणी डीपीआयआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या उद्योगवाढ विभागाच्या, मान्यतेचं प्रमाणपत्र जोडून अर्ज केल्यावर तयार होतो. विचारायला पैसे पडत नाहीत.

"धुतलंत का?"

बहिणीने एका सरकारी संस्थेच्या उपकरण केंद्रात एफटीआयआरसाठी वेळ घेतली. मागणीपत्र भरलं, पैसे आगाऊ ऑनलाइन भरले, पावतीची प्रत जोडली, आणि या वेळी नमुन्यांच्या पाकिटांवर नीट लिहिलं: हातचा, मशीनचा, थर न दिलेला कागद. नमुने कुरिअरने न पाठवता ती स्वतः घेऊन गेली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत फायद्याचा ठरलेला निर्णय हाच, आणि तो तिने कुरिअरचे पैसे वाचवायला घेतला होता.

यंत्र चालवणारे तांत्रिक अधिकारी निवृत्तीला आलेले. त्यांनी आधीचा खासगी अहवाल पाहिला आणि विचारलं, "मॅडम, नमुना धुतलात का?"

"धुवायचा असतो का, सर?"

"मग हे शिखर कशाचं, ते कसं कळणार?"

मुद्दा असा. सायट्रिक आम्लात स्वतःचाच कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) असतो आणि त्याचं शिखर एस्टरच्या शिखराच्या अगदी शेजारी येतं. आम्लाने स्टार्चला जखडलं असो वा ते नुसतंच कागदावर वाळून बसलेलं असो, आलेख साधारण सारखाच दिसतो. मोकळं आम्ल पाण्याने धुऊन काढलं तर उरलेलं शिखर खऱ्या बंधाचं. आणखी खात्री हवी असेल तर नमुना सौम्य अल्कलीत बुडवायचा. मोकळ्या आम्लगटांचं शिखर खाली १५९०च्या आसपास सरकतं आणि एस्टरचं जागेवर राहतं.

धुऊन आणलेल्या नमुन्यांत हातच्या द्रोणाचं शिखर ठळक उरलं, मशीनच्या द्रोणाचं जवळजवळ गेलं. म्हणजे मशीनवर रासायनिक क्रिया होतच नव्हती. थर वाळत होता, पक्का होत नव्हता. कागद निर्दोष होता.

या एका उत्तराला काही हजार रुपये लागले. त्याआधी नव्या कागदावर घातलेली रक्कम याच्या कितीतरी पट होती.

कोणते पर्याय समोर होते

आता प्रश्न नेमका झाला: क्रियेला मिनिटं लागतात आणि मशीन सेकंद देतं, मग काय करायचं? भावंडांनी त्याच संस्थेतल्या पॉलिमरवर काम करणाऱ्या एका वैज्ञानिकाची भेट घेतली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक गोष्ट विचारली, जी मी तेव्हापासून इतरांनाही विचारत आलो आहे: "तुम्हाला आकडा हवाय, मत हवंय, की हक्क हवाय? आमच्याकडे तिन्हीच्या फाइली वेगळ्या असतात."

आकडा म्हणजे तांत्रिक सेवा: नमुना द्या, शुल्क भरा, मोजमाप घ्या. कंपनीची कल्पना कंपनीकडेच राहते आणि काम दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. मत म्हणजे सल्लागार प्रकल्प. वैज्ञानिक ठरावीक काळ डोकं लावतो, लेखी शिफारस देतो; कागदपत्रं थोडी जास्त, पण आटोक्यातली. हक्क म्हणजे प्रायोजित किंवा सहयोगी संशोधन: संस्थेत कुणीतरी वर्षभर काम करणार, त्यातून नवं काही निघालं तर ते कोणाचं हे आधी ठरवणार, आणि त्यासाठी संस्थेचा कायदा विभाग, वित्त विभाग आणि संचालक यांच्या सह्या लागणार.

भावंडं गेली होती मत मागायला, पण अर्जात त्यांनी "संयुक्त संशोधन" असं लिहिलं होतं, कारण ते भारदस्त वाटलं. तसाच अर्ज गेला असता तर गणपती काय, पुढची दिवाळीही फाइलमध्येच गेली असती.

शेजारी आणखी काही वाटा होत्या. प्रयोगशाळेच्या आवारातल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, जागा घेणं ही एक. रासायनिक प्रयोगशाळेच्या आधाराने २००७ पासून चालणारं व्हेंचर सेंटर हे पुण्यातलं ठळक उदाहरण. जिथे कंपनीला रोज ओलं रसायन करायला बाक, वाफा ओढून घेणारं फ्यूमहूड आणि शेजारी यंत्रं लागतात, तिथे ही वाट सरस. पण या कंपनीची प्रयोगशाळा म्हणजे तिचं मशीनच होतं आणि ते भोसरीत होतं. जागा घेऊन काय करणार? दुसरी वाट संस्थेचं तयार तंत्रज्ञान परवान्यावर घेण्याची: सुरुवातीची रक्कम आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी. बहिणीने ती नाकारली, आणि तेव्हा तिने ती नीट न पाहताच नाकारली असं माझं मत आहे. आपली कल्पना असताना दुसऱ्याची का घ्यायची, एवढाच विचार त्यात होता. तिसरी वाट कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रकल्प देण्याची. ती स्वस्त पडते आणि अनेकदा उत्तमही होते, पण विद्यार्थ्याला प्रबंध सादर करायचा असतो, शिक्षकांना शोधनिबंध छापायचा असतो. पेटंट अर्जाआधी छापलं गेलं तर नवेपणा संपतो. भारतीय कायद्यातली १२ महिन्यांची सवलत फार मर्यादित प्रसंगांत मिळते. विद्यार्थी घ्यायचा तर आधी अर्ज, मग प्रबंध, असा क्रम ठेवावा लागतो.

पैशांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाचा विचार झाला. त्यात नमुना तयार करणं आणि चाचण्या यांसाठी इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. इन्क्युबेटरच्या समितीने पहिला प्रश्न हाच केला की बाहेरच्या चाचणीचे निकाल कुठे आहेत. धुतलेल्या नमुन्यांचे आलेख तेव्हा कामी आले. पण निर्णय यायला वेळ होता आणि मिसळवाला थांबणार नव्हता.

ठरलं काय

शेवटी दोन वाटा एकाच वेळी धरल्या. तातडीसाठी वैज्ञानिकाबरोबर छोटा सल्लागार प्रकल्प आणि उपकरण केंद्रात लागेल तशी चाचणी. लांबच्यासाठी, म्हणजे सेकंदांत पक्का होणारा थर शोधायला, प्रायोजित प्रकल्पाची बोलणी.

या दोन्हींच्या आधी बहिणीने तात्पुरता पेटंट अर्ज दाखल केला. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. वकिलाची फी त्याहून बरीच जास्त. पूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. यामुळे वैज्ञानिकाशी मोकळेपणाने बोलता आलं, आणि "आमच्याकडे येण्याआधी तुमच्याकडे काय होतं" यावर पुढे वाद उरला नाही. गोपनीयतेचा करारही झाला, पण तारीख पडलेल्या अर्जाला जे वजन असतं ते त्या कराराला नव्हतं.

मोजमापाची वाटणीही नव्याने केली. कॉब चाचणी, म्हणजे कागद साठ सेकंदांत किती पाणी पितो हे वजनाने मोजणं, याचं साधन साधं असतं. ते कारखान्यातच घेतलं. तेलासाठी पाठ्यपुस्तकातल्या चाचणीऐवजी खरी तर्री आणि घड्याळ. रोज लागणारं मोजमाप घरी, आणि कारण शोधायला लागणारं बाहेर, अशी विभागणी झाल्यावर उपकरण केंद्राच्या खेपा बऱ्याच कमी झाल्या.

काम कसं पुढे गेलं

वैज्ञानिकांनी पहिल्याच टिपणात दोन रस्ते बंद केले. बोगद्याचं तापमान वाढवून क्रिया लवकर उरकायची म्हटली तर गरम आम्ल स्टार्चसोबत कागदाचा सेल्युलोजही तोडतं; कागद पिवळा आणि कडकडीत होतो. आणि रोल आधीच भट्टीत ठेवून पक्का केला तर तो साच्यात दाबताना घड्यांवर तडकणार. दुसरा अंदाज भावाने मानला नाही. त्याने रोल ठेवलाच. निघालेल्या द्रोणाच्या घडीचा एसईएम फोटो काढला, आणि त्यात थराला गेलेल्या भेगा स्पष्ट दिसल्या. यंत्रावरच्या मुलीने आधीच बजावलं होतं की मेण असेल तर इलेक्ट्रॉनचा झोत कमी ठेवावा लागेल, नाहीतर आपणच ते वितळवू आणि त्यालाच भेग समजू. म्हणून तुलनेला मेण न दिलेला द्रोणही नेला होता. भेगा त्यातही होत्या.

उरला एकच क्रम: आधी द्रोण दाबायचा, मग पक्का करायचा. हे भावाच्या डोक्यात आलं, आणि इथे कारखान्यातल्या माणसाचं मोल कळतं. वैज्ञानिक रसायन बदलण्याचा विचार करत होते, बहीण प्रमाणांचा, भाऊ म्हणाला, "अगं, बेकरीवाले पाव कसे भाजतात? ट्रॉली लावून. आपण द्रोण लावू." जुन्या बाजारात बेकरीचा ट्रॉली ओव्हन मिळाला. पण १४०-१५० अंशांत मेण वितळून स्टार्चमध्ये मुरतं, म्हणून मेणाचा थर कागदावर न देता, भाजून निघालेल्या द्रोणांवर फवारावा लागला. एक पायरी वाढली, मजुरी वाढली, वीज वाढली.

ते नमुने पुन्हा धुऊन तपासले. शिखर जागेवर होतं. तर्रीही टिकली.

दरम्यान प्रायोजित प्रकल्पाचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं की निष्पन्न होणारी बौद्धिक संपदा दोघांच्या नावे राहील. बहीण खूश झाली. सरकारी संस्थेचं नाव आपल्या पेटंटवर! वकिलाने पेटंट कायद्याचं ५० वं कलम पुढे ठेवलं. वेगळं काही ठरलं नसेल तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो आणि नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही की आपला हिस्सा विकता येत नाही. कंपनीचा पुढचा बेत नेमका परवान्यांचाच होता: इतर शहरांतल्या द्रोणवाल्यांना तंत्र द्यायचं. म्हणजे प्रत्येक परवान्याला संस्थेची सही लागणार. उलट बाजूने पाहिलं तर संस्थेलाही कंपनीच्या सहीशिवाय काही करता येणार नव्हतं, म्हणून ती अट त्यांनाही सोयीची नव्हती. मसुद्यात ती आली होती ती नमुनाकराराच्या जुन्या साच्यातून.

बोलणी लांबली. संस्थेच्या बाजूने अडवणूक नव्हती. तिथल्या माणसाला जी सही पुढे लेखापरीक्षणात समजावून सांगावी लागेल ती तो सावकाशच करणार. शेवटी ठरलं ते असं: आधीचं कंपनीचं कंपनीकडे, नवं दोघांचं, पण खाद्यपदार्थांच्या कागदी भांड्यांपुरती परवाना देण्याची संमती करारातच आगाऊ लिहिलेली आणि त्या बदल्यात संस्थेला विक्रीवर रॉयल्टी. औषधांचं वेष्टन किंवा इतर क्षेत्रं संस्थेला मोकळी. शोधनिबंध छापण्याआधी मसुदा कंपनीला दाखवायचा, म्हणजे अर्ज राहिला असेल तर आधी तो करता येईल.

निकाल

गणपतीची चाचणी ऑर्डर हुकली. मिसळवाल्याने तेवढ्यापुरता उसाच्या चिपाडाच्या वाट्या घेतल्या. वर्षाअखेरीस त्याने भाजलेल्या द्रोणाचा छोटा लॉट घेतला आणि अजून घेतो, पण सगळ्या शाखांसाठी नाही. किंमत चिपाडाच्या वाटीच्या आसपास जाते आणि त्याला घासाघीस करायला जागा मिळते.

कंपनी तगली ती वेगळ्याच मालावर. न भाजलेला, नुसता वाळलेला थर भेळ, वडापाव, खिरापत यांना पुरतो हे कॉब चाचणीच्या नोंदींतून दिसलं. तोच द्रोण बोहरी आळीत विकला जातो. भावाच्या मते हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. असेलही; पण आता कागद किती ग्रॅम पाणी प्यायला तरी चालेल हा आकडा त्याच्याकडे आहे आणि व्यापाऱ्याने माल परत पाठवला तर दाखवता येतो.

मोठ्या गिऱ्हाइकांनी मागितलेली प्रमाणपत्रं मात्र एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेतूनच घेतली. वेष्टनातून अन्नात किती द्रव्य उतरतं याची चाचणी त्यांत मुख्य. प्लास्टिकसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि खरेदी विभाग कागदालाही तोच आकडा लावतात. संशोधन संस्थेचा आलेख कितीही खरा असला तरी खरेदी अधिकाऱ्याला त्यावर एनएबीएलचं चिन्ह हवं असतं.

सेकंदांत पक्का होणाऱ्या थराचं संशोधन सुरू आहे. एक उमेदवार पदार्थ आशादायक आहे, पण खाद्यसंपर्काची परवानगी हा त्याचा पुढचा डोंगर.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या खासगी अहवालाआधी एक कागद लिहिला असता तर बरंच वाचलं असतं: आपला अंदाज काय, आणि कोणता निकाल आला तर तो अंदाज आपण सोडून देऊ. एफटीआयआरचं शिखर "असावं" एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते कोणत्या परिस्थितीत फसवं असेल, हे विचारलंच नव्हतं. हातचा आणि मशीनचा असे दोन नमुने शेजारी ठेवून तपासणं तर पहिल्याच दिवशी शक्य होतं.

तयार तंत्रज्ञानाचा परवाना घेण्याचा पर्याय पुन्हा पाहायला हवा होता. कदाचित तो महागच ठरला असता. पण संस्थेचं जुनं पेटंट वाचलं असतं तर ओव्हनमधली वेळ आणि कागदाचा कडकपणा यांवर इतरांनी काय करून पाहिलं हे फुकट कळलं असतं. पेटंटं वाचायला परवाना लागत नाही.

करारावर भावंडांचं आजही एकमत नाही. बहिणीच्या मते संस्थेला सुरुवातीलाच जास्त शुल्क देऊन नव्या शोधाची मालकी पूर्ण कंपनीकडे ठेवायला हवी होती. भाऊ म्हणतो, तेवढे पैसे होते कुठे? मला भावाचं पटतं, पण एक उणीव राहिली: रॉयल्टी टक्केवारीत मान्य करताना ती निव्वळ विक्रीवर की कारखान्याच्या दरावर, हे त्यांनी नीट बांधून घेतलं नाही. द्रोणासारख्या मालात वाहतूक आणि व्यापाऱ्याचं कमिशन मोठं असतं, त्यामुळे हा फरक लहान नाही. पुढच्या नूतनीकरणात तो मुद्दा येणार आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मोह होऊनही टाळली, आणि ते बरोबर केलं. कंपोस्ट होण्याचं प्रमाणपत्र मिळालं तर पाकिटावर हिरवं पान छापता येईल म्हणून भाऊ सुरुवातीलाच नमुने पाठवायला निघाला होता. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकातली जैवविघटनाची चाचणी १८० दिवसांपर्यंत चालते, आणि प्रमाणपत्र तपासलेल्या मिश्रणालाच लागू होतं. त्या काळात थराचं मिश्रण दर महिन्याला बदलत होतं. बहिणीने पाकीट परत आणलं. भाजलेल्या द्रोणाचं प्रमाण पक्कं झाल्यावर, मेण फवारण्याची पद्धत ठरल्यावर मगच नमुने गेले. त्या अहवालाची ते सध्या वाट पाहत आहेत.